कॅज्युअल्टीत डोकेदुखीचा रुग्ण: नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी

कोल्हापुरातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत संध्याकाळची ड्यूटी लागली, की डोके धरून आलेला एखादा तरी रुग्ण समोर बसतोच. यांपैकी बहुतेकांना अर्धशिशी, ताणाची डोकेदुखी किंवा तापासोबतचे साधे दुखणे असते आणि ते उपचार घेऊन घरी जातात. पण त्याच रांगेत कधी मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेला, कधी मेंदूज्वराचा, कधी मेंदूच्या शिरेत गुठळी अडकलेला रुग्ण असतो, आणि पहिल्या काही तासांत तो बाकीच्यांपेक्षा फारसा वेगळा दिसत नाही. इंटर्नशिप संपवून नुकतेच कॅज्युअल्टीत उभे राहिलेले डॉक्टर, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एकट्याने रात्रपाळी करणारे वैद्यकीय अधिकारी आणि ट्रायाजला (आलेल्या रुग्णांची तातडीनुसार वर्गवारी करायला) बसणाऱ्या परिचारिका यांना डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. लेखातील औषधांच्या मात्रा प्रौढ रुग्णांसाठी आहेत; आपल्या विभागाची लेखी पद्धत आणि वरिष्ठांचा सल्ला यांच्या जोडीनेच त्या वापराव्यात.

पहिली दोन मिनिटे

रुग्ण स्ट्रेचरवरून येवो किंवा चालत येवो, विचारपूस सुरू करण्याआधी नाडी, बीपी, तापमान, श्वासाची गती, ऑक्सिजन आणि ग्लुकोमीटरवर साखर एवढे झालेच पाहिजे. जीसीएस (शुद्धी मोजण्याचे गुण, जास्तीत जास्त १५) लिहिताना नुसता बेरजेचा आकडा न लिहिता डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण वेगवेगळे लिहावेत, कारण दोन तासांनी दुसरा डॉक्टर तपासेल तेव्हा नेमके काय घसरले हे त्यावरूनच समजते. टॉर्चने दोन्ही बाहुल्या पाहाव्यात.

जीसीएस १५ पेक्षा कमी असेल, झटका (फिट) येऊन गेला असेल, हात-पाय लुळा पडला असेल, बोलणे अडखळत असेल, तापासोबत मान आखडलेली असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा स्त्री गरोदर अथवा नुकतीच बाळंत झालेली असेल, तर त्या रुग्णाला बाकावर थांबवून ठेवू नये. मॉनिटर असलेल्या खाटेवर घ्यावे, शिरेत सुई लावावी आणि त्याच वेळी वरिष्ठांना कळवावे. जीसीएस ८ किंवा त्याहून कमी असेल तर श्वासमार्ग सुरक्षित करण्यासाठी भूलतज्ज्ञांना आधी बोलवावे. सीटी स्कॅनला पाठवण्याच्या घाईत हा टप्पा सुटतो आणि रुग्ण सीटीच्या टेबलावर उलटी करून श्वास गुदमरतो. उरलेल्या रुग्णांना शक्य असेल तर दिव्याचा झोत नसलेली कोपऱ्यातली खाट द्यावी. अर्धशिशीच्या रुग्णाला ट्यूबलाइटखाली तासभर बसवून ठेवणे म्हणजे त्याचे दुखणे आपणच वाढवणे होय.

सुरुवात कशी झाली

या संपूर्ण कामात सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे. दुखणे किती आहे, यावरून आजार किती गंभीर आहे हे ठरत नाही. अर्धशिशीचा रुग्ण दहापैकी दहा गुण देतो, आणि रक्तस्राव झालेला रुग्ण तीन तासांनी येतो तेव्हा सहा-सात सांगतो. ‘आयुष्यात कधी इतके दुखले होते का?’ असे विचारले, की वेदनेत असलेला प्रत्येक जण ‘नाही’ म्हणतो. त्यामुळे वेदना सुरू झाली तो क्षण कसा होता, हे विचारावे.

‘दुखायला लागलं तेव्हा तुम्ही नेमकं काय करत होता?’ हा माझा नेहमीचा पहिला प्रश्न असतो. हळूहळू चढलेल्या डोकेदुखीचा रुग्ण ‘दुपारपासून जड वाटत होतं’ असे काहीसे सांगतो. ज्याला क्षण सांगता येतो, म्हणजे ‘बादली उचलली आणि’, ‘संडासात बसलो होतो आणि’, ‘दुसरी बैठक मारली आणि’ असे जो बोलतो, त्याच्याजवळची खुर्ची ओढून बसावे. पुढचा प्रश्न असा: ‘लागल्या क्षणी जेवढं होतं तेवढंच आहे, की वाढत वाढत इथवर आलं?’ जी वेदना एका मिनिटाच्या आत शिगेला पोहोचते तिला आपण थंडरक्लॅप म्हणतो, आणि तिचे अन्य कारण सिद्ध होईपर्यंत तो रक्तस्रावच आहे असे धरून चालावे लागते.

आपल्याकडचे रुग्ण हे सगळे आपल्याच शब्दांत सांगतात आणि ते शब्द ओळखता आले पाहिजेत. ‘डोस्कं लई जड झालंया’ हे एक, ‘टक्कुरं ठणाठणा उडतंय’ हे दुसरे आणि ‘डोस्क्यात काठी घातल्यागत झालं’ हे तिसरे. केस पेपरवर मात्र तिन्हींचे भाषांतर ‘डोकेदुखी’ असे एकच होते, आणि तिथेच निदान हातून निसटते.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. उमेदवारीच्या काळात एका रुग्णालयात रात्री पन्नाशीच्या एक काकू आल्या होत्या. लग्नघरी पाण्याची घागर उचलताना काठी बसल्यागत झाले, असे त्या स्वतः म्हणाल्या. मी ऐकले, आणि कागदावर ‘डोकेदुखी, एक उलटी’ एवढेच लिहिले. डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासात त्यांना आराम पडला. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या मुलाने त्यांना बेशुद्ध अवस्थेत परत आणले. पहिला रक्तस्राव लहान होता आणि दुसरा मोठा. तेव्हापासून सुरुवातीबद्दलचे रुग्णाचे वाक्य मी त्याच्याच शब्दांत, अवतरण चिन्हांत लिहितो, आणि तुम्हीही तसेच लिहावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. इंजेक्शनने किंवा ट्रिप्टानने (अर्धशिशीच्या औषधाने) आराम पडला म्हणून दुखणे साधे, असा निष्कर्ष कधीही काढू नये; रक्तस्रावाची आणि मेंदूज्वराचीही वेदना औषधाने काही काळ उतरते.

बाकीची विचारपूस

सुरुवात समजल्यावर पुढचे प्रश्न भराभर विचारता येतात. अशी डोकेदुखी पूर्वी झाली आहे का, आणि झाली असेल तर आजची तिच्यासारखीच आहे की वेगळी? अर्धशिशीच्या जुन्या रुग्णाने ‘हे नेहमीचं नाही’ असे म्हटले, तर जुना निदानाचा कागद बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करावी. वय पन्नाशीच्या पुढे असताना पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी तपासणीशिवाय सोडू नये. ताप, वजन घटणे, कर्करोग, एचआयव्ही, रक्त पातळ करणारी गोळी, पंधरवड्यातील पडझड, दारू, झटका, नजर धूसर होणे, खोकताना किंवा वाकताना दुखणे वाढणे, पहाटे दुखून जाग येणे आणि उलटीनंतर बरे वाटणे या गोष्टी एकेक करून विचाराव्यात. स्त्री रुग्णाला शेवटच्या पाळीची तारीख, बाळंतपण आणि गर्भनिरोधक गोळ्या यांबद्दल विचारावे. सोबत सासू किंवा दीर असतील तर त्यांना थोडे बाजूला थांबायला सांगून विचारावे.

आपल्या भागात आणखी तीन प्रश्न मी कधीही चुकवत नाही. पहिला म्हणजे घरातल्या आणखी कोणाला आजच डोकेदुखी किंवा मळमळ झाली का, आणि न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे का. बंद न्हाणीघरातला गिझर, थंडीत दार लावून पेटवलेली शेगडी आणि बाळंतिणीला शेक देताना खिडकी बंद केलेली खोली या तिन्ही ठिकाणी कार्बन मोनॉक्साइड साचतो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर अशा रुग्णात ९८ किंवा ९९ दाखवतो, कारण त्याला विषारी वायू चिकटलेले हिमोग्लोबिन ओळखता येत नाही. संशय आला की रिझर्व्हॉयर (ऑक्सिजन साठवणारी पिशवी) असलेल्या मास्कने पूर्ण ऑक्सिजन लगेच सुरू करावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार ते सहा तास लागतात, तर पूर्ण ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास. रक्तातील प्रमाण मोजण्याची सोय असेल तर नमुना घ्यावा, पण त्यासाठी ऑक्सिजन थांबवू नये. घरी राहिलेल्या माणसांनाही बाहेर काढून तपासायला आणण्यास सांगावे.

दुसरा प्रश्न फवारणीचा आहे. शिरोळ-हातकणंगले भागात भाजीपाल्यावर किंवा अन्यत्र उसावर औषध मारून आलेला शेतकरी डोकेदुखी, मळमळ आणि घाम सांगत असेल, तर त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत का, लाळ आणि कफ वाढला आहे का, नाडी मंद आहे का हे पाहावे. कीटकनाशकाच्या विषबाधेची ही लक्षणे आहेत आणि तिचा उपचार वेगळ्या वाटेने जातो.

तिसरा प्रश्न मानेचा. कोल्हापूरच्या तालमींत आजही तरुण मुले रोज माती अंगाला लावतात, आणि मानेवर ताण घेणारे डाव त्यांच्या सरावातच असतात. अशा पहिलवानाला किंवा मोटारसायकलवरून पडलेल्या मुलाला एका बाजूची मान आणि त्याच बाजूचे डोके नव्याने दुखत असेल, तर मानेतल्या रोहिणीचे अस्तर फाटलेले असू शकते. त्याच बाजूची पापणी किंचित खाली आली असेल आणि बाहुली लहान असेल तर संशय बळावतो. मानेच्या रोहिण्यांची सीटी अँजिओग्राफी होईपर्यंत त्याला पुन्हा आखाड्यात उतरू देऊ नये आणि ‘मान चोळून’ घेण्यासही स्पष्ट मनाई करावी.

तपासणी

डोकेदुखीच्या रुग्णाची तपासणी पाच मिनिटांत नीट होते, आणि ती पाच मिनिटे गर्दीतही काढावी लागतात.

मान तपासण्यासाठी रुग्णाला उशी काढून पाठीवर झोपवावे. दोन्ही हात डोक्याखाली घालून आधी डोके डावी-उजवीकडे हलकेच वळवावे. ते मोकळे वळत असेल, पण हनुवटी छातीकडे नेताना मान अडत असेल आणि डोक्यासोबत खांदेही उचलले जात असतील, तर तो खरा ताठरपणा आहे. मणक्याच्या झिजेमुळे वयस्कर माणसाची मान सगळ्याच दिशांना अडते. रक्तस्रावानंतर मान आखडायला काही तास लागतात, त्यामुळे लवकर आलेल्या रुग्णाची मान मऊ असल्याने निश्चिंत होऊ नये.

डोळ्यांत बाहुल्या, पापण्या, डोळ्यांची सर्व दिशांची हालचाल आणि दोन्ही बाजूंची नजर पाहावी. एक पापणी पडलेली, बाहुली मोठी आणि डोळा बाहेरच्या बाजूला झुकलेला असेल, तर तिथल्या रोहिणीचा फुगा मज्जातंतूला दाबत असल्याची शक्यता आहे आणि रुग्णाला तातडीने न्यूरोसर्जनकडे पोहोचवले पाहिजे. डोळा लाल, टणक, बाहुली मध्यम आकाराची आणि न हलणारी, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये दिसतात आणि उलट्या होतात, असे चित्र असेल तर तो काचबिंदूचा तीव्र झटका आहे. या रुग्णांना पित्ताचे इंजेक्शन देऊन परत पाठवल्याचे मी अनेकदा पाहिले आहे आणि त्यात नजर जाते. ऑप्थाल्मोस्कोप (डोळ्याचा आतला पडदा पाहण्याचे उपकरण) हातात धरायला संकोच वाटत असेल तर रोज एक-दोन रुग्णांवर सराव करावा. सुजलेली डिस्क (डोळ्याच्या पडद्यावरील दृष्टीच्या मज्जातंतूचे टोक) ओळखता आली, तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

मग दोन्ही हात समोर पसरून डोळे मिटायला सांगावे आणि एखादा हात खाली सरकतो का ते पाहावे. बोट नाकाला लावून घ्यावे, चेहरा हसरा करून पाहावा, तळव्याची प्रतिक्रिया घ्यावी. यानंतर रुग्णाला उठवून आठ-दहा पावले चालवावे. हा शेवटचा भाग सर्वाधिक वेळा गाळला जातो. लहान मेंदूतला रक्तस्राव झालेला माणूस खाटेवर अगदी ठीक दिसतो आणि उभा राहताच एका बाजूला कलंडतो. वयस्कर रुग्णाच्या कानशिलावरील शीर दाबून दुखते का आणि जेवताना जबडा भरून येतो का, हेही पाहावे. ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी) वाढलेला असेल आणि चित्र जुळत असेल तर कानशिलाच्या रोहिणीच्या दाहासाठी प्रेडनिसोलोन ४० ते ६० मिलिग्रॅम बायोप्सीची वाट न पाहता सुरू करतात, कारण एकदा गेलेली दृष्टी परत येत नाही.

अचानक आलेल्या डोकेदुखीचा पुढचा मार्ग

पूर्ण शुद्धीवर असलेल्या, मार न लागलेल्या आणि तासाभरात वेदना शिगेला पोहोचलेल्या रुग्णासाठी ओटावा नियम उपयोगी पडतो. वय ४० किंवा अधिक, मान दुखणे किंवा आखडणे, कोणी पाहिलेली बेशुद्धी, श्रम करताना झालेली सुरुवात, क्षणात शिगेला पोहोचलेली वेदना आणि तपासताना मान पुढे झुकवता न येणे, या सहांपैकी एकही गोष्ट असेल तर रक्तस्रावासाठी तपासणी करावी. एकही नसेल तर रक्तस्रावाची शक्यता अत्यंत कमी राहते. मज्जासंस्थेचा नवा दोष, पूर्वीचा रक्तस्राव किंवा फुगा, मेंदूतील गाठ आणि वारंवार तशीच डोकेदुखी असलेल्यांना हा नियम लावत नाहीत.

साधा सीटी लवकर करावा आणि वेदना कधी सुरू झाली ती वेळ विनंतीपत्रावर लिहावी. सुरुवातीपासून ६ तासांच्या आत, आधुनिक यंत्रावर काढलेला आणि अनुभवी रेडिओलॉजिस्टने पाहिलेला सीटी स्वच्छ असेल, तर रक्तस्राव जवळजवळ नाकारता येतो. फोनवर पाठवलेल्या फोटोवरून दिलेल्या मताला हे लागू होत नाही. सहा तास उलटून गेले असतील, आणि चंदगड, आजरा किंवा गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांतून येणाऱ्यांच्या बाबतीत ते बहुधा उलटलेले असतात, तर स्वच्छ सीटीवर थांबू नये. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासावे किंवा सीटी अँजिओग्राफी करावी. पाण्यातील पिवळसरपणा दिसायला साधारण १२ तास लागतात. त्यात लाल पेशी प्रति मायक्रोलिटर २००० पेक्षा कमी असतील आणि पिवळसरपणा नसेल, तर फुग्यातून झालेला रक्तस्राव जवळपास नाकारता येतो.

रक्तस्राव दिसला तर डोक्याची बाजू ३० अंश वर ठेवावी, वेदना आणि उलटी आवरावी, वरचे बीपी १६० च्या खाली पण अतिशय घसरू न देता ठेवावे, रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा उतारा द्यावा आणि न्यूरोसर्जनशी थेट बोलावे. पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो. निमोडिपिन ६० मिलिग्रॅम दर ४ तासांनी तोंडाने किंवा नळीने, २१ दिवस, असा त्याचा क्रम असतो. ते कधीही शिरेतून टोचू नये म्हणून कॅप्सूलमधील औषध काढताना सिरिंजवर ठळक अक्षरांत लिहावे. या रुग्णांच्या ईसीजीमध्ये हृदयविकाराच्या झटक्यासारखे बदल दिसू शकतात. डोकेदुखीने सुरुवात झालेल्या बेशुद्ध माणसाचा ईसीजी पाहून गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देण्याआधी सीटी पाहिलाच पाहिजे.

ताप आणि डोकेदुखी

ताप, ताठ मान आणि बदललेली शुद्ध या तिन्ही गोष्टी एकत्र असतीलच असे नाही. मेंदूज्वराच्या अनेक रुग्णांत त्यांपैकी एखादी गैरहजर असते. संशय पक्का असेल तर रक्ताचे कल्चर घेऊन डेक्सामेथॅसोन १० मिलिग्रॅम आणि त्यासोबत सेफ्ट्रिअॅक्सोन २ ग्रॅम शिरेतून द्यावे, व्हँकोमायसिन जोडावे, आणि वय ५० च्या पुढे असेल तर अॅम्पिसिलिनही द्यावे. शुद्ध बदललेली, नवा झटका, एका बाजूचा दोष, सुजलेली डिस्क किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण असेल तर पाणी काढण्याआधी सीटी करावा, पण सीटीच्या रांगेसाठी प्रतिजैविक थांबवू नये. रुग्ण असंबद्ध बोलत असेल किंवा वागणे बदलले असेल तर हर्पिसच्या मेंदूदाहासाठी असायक्लोव्हिर १० मिलिग्रॅम प्रति किलोही सुरू करावे.

दोन-तीन आठवड्यांचा बारीक ताप, भूक मंदावणे, वाढती डोकेदुखी आणि एखादा डोळा आत वळल्याने दोन-दोन दिसणे, हे क्षयाच्या मेंदूज्वराचे चित्र आपल्याकडे नेहमी दिसते. अशा रुग्णाने आधी दोन-तीन दवाखाने केलेले असतात आणि प्रत्येक ठिकाणची चिठ्ठी खिशात असते. त्या चिठ्ठ्या मागून घेऊन तारखा लावाव्यात.

पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) यांची भर पडते. डोळ्यांच्या मागे दुखणे आणि अंगदुखी असलेल्या तापाच्या रुग्णाला प्लेटलेट पाहिल्याशिवाय डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक देऊ नये, पॅरासिटामॉलवर भागवावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पुराच्या पाण्यातून चालत गेलेले किंवा घरातला गाळ काढलेले लोक तापाने येत असत. आजही शेताच्या पाण्यात काम केलेला रुग्ण लाल डोळे आणि पोटऱ्यांचे तीव्र दुखणे सांगत असेल, तर लेप्टो धरून डॉक्सिसायक्लिन किंवा, आजार तीव्र असल्यास, शिरेतून पेनिसिलिन अथवा सेफ्ट्रिअॅक्सोन सुरू करावे.

गरोदर आणि बाळंतीण

विसाव्या आठवड्यानंतरची गरोदर स्त्री आणि बाळंतपणानंतर ६ आठवड्यांपर्यंतची स्त्री डोकेदुखी घेऊन आली, तर सर्वप्रथम बीपी आणि लघवीतील प्रथिने पाहावीत. १४०/९० हा आकडा इतर प्रौढात आपण सहज सोडून देतो, पण इथे तो धोक्याचा आहे. १६०/११० किंवा त्याहून अधिक असेल आणि पंधरा मिनिटांनीही तसाच राहिला, तर लॅबेटॅलॉल २० मिलिग्रॅम शिरेतून किंवा निफेडिपिन १० मिलिग्रॅम गिळायला द्यावे आणि मॅग्नेशियम सल्फेट सुरू करावे: ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, आणि प्रत्येक कुल्ल्यात खोलवर ५ ग्रॅम. पुढची मात्रा देण्यापूर्वी गुडघ्याची प्रतिक्रिया, श्वासाची गती आणि लघवीचे प्रमाण पाहावे, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम भरून उशाशी ठेवावे. झटका येण्याची वाट पाहू नये.

बाळंतिणीच्या डोकेदुखीची आणखी दोन कारणे लक्षात ठेवावीत. सिझेरियनसाठी पाठीत भूल दिली असेल आणि बसल्यावर दुखून आडवे होताच थांबत असेल, तर ते भुलेच्या छिद्रातून पाणी झिरपल्याचे दुखणे असते. पण दिवसेंदिवस वाढणारे, झोपल्यावर अधिक होणारे दुखणे, त्यात झटका किंवा धूसर नजर, म्हणजे मेंदूच्या शिरेतील गुठळीचा विचार झालाच पाहिजे. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत काही घरांत अजून आहे आणि अंगातले पाणी कमी होणे या गुठळीला मदतच करते. साधा सीटी यात स्वच्छ येऊ शकतो. एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफी (मेंदूच्या शिरांचे चित्रण) करावी. निदान झाल्यावर हेपॅरिन देतात, आणि गुठळीमुळे थोडा रक्तस्राव झालेला असला तरी ते देतात, हे नव्या डॉक्टरांना उलटे वाटते म्हणून मुद्दाम सांगितले.

बीपीचा आकडा

डोके दुखते आणि बीपी १७०/१०० आहे, असे दिसले की जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडण्याची सवय अजूनही दिसते. ती सोडून द्यावी. बहुतेक वेळा वेदनेमुळे बीपी वाढलेले असते आणि वेदना आवरल्यावर ते उतरते. एकदम पाडले तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. शुद्ध बदललेली आहे, नजर गेली आहे, झटके येत आहेत असा रुग्ण वेगळा. त्याचे सरासरी बीपी पहिल्या तासात २५ टक्क्यांपेक्षा जास्त न उतरवता शिरेतील औषधाने, मॉनिटरवर उतरवावे.

अर्धशिशीचा उपचार

धोक्याची कारणे वगळल्यानंतर उरलेल्या रुग्णांचे दुखणे मनापासून थांबवावे. ‘साधीच अर्धशिशी आहे’ हे वाक्य रुग्णासमोर उच्चारू नये, कारण अंधाऱ्या खोलीत दोन दिवस उलट्या करून आलेल्या माणसाला त्यात काहीच साधे वाटत नसते.

अंगातले पाणी कमी झाले असेल तर सलाइन लावावे. मेटोक्लोप्रमाइड १० मिलिग्रॅम १०० मिलिलिटर सलाइनमध्ये घालून १५ मिनिटांत सोडावे. ते उलटीवर आणि वेदनेवरही काम करते. घाईने ढकलले तर रुग्ण अस्वस्थ होतो, खाटेवर पाय हलवत राहतो, सुई काढून निघून जावेसे वाटते असे म्हणतो. हा औषधाचा परिणाम असतो, त्याला ‘नाटक’ म्हणू नये. प्रोमेथॅझिनने तो शमतो. प्रोक्लोरपेराझिन हाही तितकाच चांगला पर्याय आहे. जोडीला पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून, किंवा मूत्रपिंड आणि जठर ठीक असेल तर केटोरोलॅक ३० मिलिग्रॅम द्यावे. सुमाट्रिप्टान ६ मिलिग्रॅम कातडीखाली उपयोगी पडते, पण हृदयाच्या रोहिण्यांचा आजार असलेल्याला, आणि गेल्या २४ तासांत एर्गोटामिन असलेली गोळी घेतलेल्याला देऊ नये. ही गोळी औषधाच्या दुकानातून सर्रास मिळते, त्यामुळे गोळीचे पाकीटच मागून पाहावे. घरी पाठवण्याआधी डेक्सामेथॅसोनची एक मात्रा दिली तर पुढील तीन दिवसांत दुखणे उलटण्याचे प्रमाण घटते. ट्रामाडॉल आणि त्याहून तीव्र अफूवर्गीय औषधे पहिल्या फळीत वापरू नयेत.

रोज ठरावीक वेळी, एकाच डोळ्यामागे असह्य कळ, डोळ्यांतून पाणी, नाक चोंदणे आणि वेदनेत येरझाऱ्या घालणारा रुग्ण असेल तर ती क्लस्टर डोकेदुखी आहे. त्याला रिझर्व्हॉयर मास्कने मिनिटाला १२ ते १५ लिटर ऑक्सिजन १५ ते २० मिनिटे द्यावा.

महिन्यात १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, अथवा १० किंवा अधिक दिवस मिश्र गोळ्या वा ट्रिप्टान, अशी सवय तीन महिन्यांहून अधिक काळ असेल तर गोळ्याच डोकेदुखी टिकवून ठेवतात. इचलकरंजीच्या मागावर रात्रपाळी करणारे कामगार आणि स्पर्धा परीक्षेची पोरे यांच्यात मला ही सवय वारंवार दिसते. त्यांना कॅज्युअल्टीतूनच न्यूरोलॉजी किंवा मेडिसिन ओपीडीची चिठ्ठी द्यावी.

दुसरीकडे पाठवताना आणि घरी सोडताना

ग्रामीण रुग्णालयातून कोल्हापूरला सीपीआरमध्ये (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) किंवा अन्यत्र पाठवायचे असेल तर १०८ बोलावण्याबरोबरच समोरच्या डॉक्टरांना फोन करावा. चिठ्ठीत वेदना सुरू झाल्याची वेळ, आल्यावेळचे आणि निघतानाचे जीसीएस, बाहुल्या, दिलेली औषधे आणि त्यांच्या वेळा असाव्यात. पंचगंगेला पूर आलेला असेल तर कोणता रस्ता सुरू आहे हे चालकाला निघण्याआधी विचारावे आणि शंकास्पद रुग्णाला रस्ता बंद होण्याची वाट न पाहता आधीच हलवावे. डोक्याला मार लागला असेल तर एमएलसीची (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद पाठवण्यापूर्वी करावी.

घरी सोडण्यापूर्वी रुग्णाला पुन्हा एकदा चालवून पाहावे आणि बीपी, जीसीएस पुन्हा लिहावेत. वय झालेल्या आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या आजोबांना किरकोळ मार असला तरी सीटीशिवाय सोडू नये. परत केव्हा यायचे ते मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे: उलट्या थांबल्या नाहीत, झटका आला, हात-पाय जड पडला, बोलताना जीभ अडखळली, ताप चढला, झोपेतून उठवूनही नीट जाग आली नाही, किंवा पुन्हा तसाच अचानक ठोका बसला, तर ताबडतोब यावे. मग सोबतच्या माणसाला ‘दादा, आता यातलं काय झालं तर परत यायचं, ते मला सांगा बरं’ असे विचारावे, आणि त्याने जे सांगितले नाही ते पुन्हा समजावून मगच कागदावर सही करावी.